बायपॅप आणि ऑक्सिजन मशीनचे पैसे मेडिक्लेममधून कोणाला मिळालेत का?

मुक्ता_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. बाबा (वय ७६) सीओपीडीचे (फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) जुने पेशंट. या पावसाळ्यात छाती भरली, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला आणि आयसीयूत ठेवावं लागलं. आता घरी आलेत, पण डॉक्टरांनी रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) आणि दिवसाकाठी किमान १५ तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) असं लिहून दिलंय. दोन्ही मशीन मिळून सव्वा लाखाच्या घरात जातात. मास्क, ट्यूब, फिल्टर, यूपीएस वेगळं.

बाबांची १० लाखांची पॉलिसी आहे. ११ वर्षं सलग चालू, याआधी एकही क्लेम नाही. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं (हातमोजे, मास्क, अमुकतमुक कापून). मशीनचं विचारलं तर टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घरचं काही मिळत नाही." कुठल्या कलमाखाली, असं विचारल्यावर "सिस्टीमला नॉट पेएबल दाखवतंय." एजंटला फोन केला, तो "बघतो" म्हणाला आणि तेव्हापासून बघतोच आहे.

मला पटत नाही ते असं, की बाबांना आणखी आठवडाभर आयसीयूत ठेवलं असतं तर कंपनीने लाख-दीड लाख निमूट मोजले असते. तेच मशीन घरी लावून ते पुन्हा ॲडमिट होणार नाहीत, तर त्याचे पैसे नाहीत. कंपनीचाच फायदा कंपनीला कळत नाही का? कोणाला असे पैसे मिळाले असतील तर कसे मिळाले ते सविस्तर लिहा.

नळस्टॉप

एजंट "बघतो" म्हणाला म्हणजे तो पुढचा हप्ता कधी आहे ते बघतोय.

विमावाला_विनय

नळस्टॉप, आम्ही सगळेच तसे नसतो हो. :) मी २० वर्षं हाच धंदा करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मुक्ताताई, आपल्याकडचा मेडिक्लेम हा मुळात 'हॉस्पिटलात भरती' या कल्पनेभोवती बांधलेला आहे. खाट धरली तर खर्च, खाट सोडली की ठरावीक दिवसांपुरती औषधं, तपासण्या आणि डॉक्टरची फी. घरी वापरायची, पुन्हा पुन्हा वापरता येणारी बाहेरची उपकरणं बहुतेक पॉलिसींमध्ये एका स्वतंत्र कलमाने वगळलेली असतात. सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं मशीन), बायपॅप, कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, व्हीलचेअर, ग्लुकोमीटर, कमरेचा पट्टा... सगळी वरात त्यात असते.

आता यादीची भानगड. आयआरडीएआयने (सरकारी विमा नियामक) खर्चाच्या चार याद्या ठरवून दिल्यात. पहिल्या यादीतल्या वस्तूंचे पैसे पेशंटने द्यायचे, पॉलिसीत वेगळं कव्हर असेल तरच कंपनी देते. हॉस्पिटलबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर किट, एअर बेड हे त्यात येतं. दुसरी खोलीच्या भाड्यात धरायच्या वस्तूंची, तिसरी शस्त्रक्रियेच्या खर्चात धरायच्या, चौथी उपचाराच्या खर्चात धरायच्या. बायपॅप मशीन चौथ्या यादीत आहे. म्हणजे आयसीयूत वापरलेल्या बायपॅपचं भाडं हॉस्पिटलने वेगळं लावून तुमच्याकडून घ्यायचं नसतं. तुमच्या फायनल बिलात ते 'पेशंटकडून वसूल' असं दिसतंय का ते आधी बघा.

घरच्या मशीनसाठी तीन ठिकाणी शोधा. एक, पॉलिसीत 'ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट' नावाचं कव्हर आहे का. अलीकडच्या काही पॉलिसींत असतं, रकमेची मर्यादा घालून. दोन, 'होम केअर' किंवा 'डोमिसिलिअरी' (घरी घेतलेल्या उपचाराचं) कव्हर. तीन, डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मुदत किती आहे, ६० की ९० की १८० दिवस.

आणि 'कन्झ्युमेबल्स रायडर (वापरून टाकायच्या वस्तूंचं जादा कव्हर) घेतलाय' म्हणून कोणी खूश होऊ नका. तो बहुतेक वेळा हॉस्पिटलातल्या हातमोजे-मास्कसाठी असतो. घरच्या मशीनचा आणि त्याचा संबंध नाही.

तिरकस

थोडक्यात काय, पैसे घेताना 'संपूर्ण कुटुंबाचं संरक्षण', देताना चार याद्या.

विमावाला_विनय

@तिरकस, सगळी घरगुती उपकरणं धरली तर हप्ता किती वाढेल याचाही विचार करा. सीपॅप एकदा दिला की प्रत्येक घोरणारा माणूस क्लेम टाकेल.

तिरकस

टाकू दे की. घोरणाऱ्याच्या बायकोचाही विमा तुमच्याकडेच असतो ना? तिला झोप लागली तर तिचं बीपी उतरेल.

गार्गी_बाणेर

तिरकस यांना जोरदार अनुमोदन, भुक्तभोगी बायको या नात्याने.

आमच्याकडे नवऱ्याचा स्लीप ॲप्निया. स्लीप स्टडीत तासाला ४०च्या वर श्वास अडकतो असं निघालं (३०च्या वर गेलं की 'तीव्र' धरतात). स्टडीसाठी एक रात्र हॉस्पिटलात ठेवलं होतं, म्हणून वाटलं भरती झाली, क्लेम होईल. 'केवळ तपासणीसाठी भरती' या कारणाने नामंजूर. ते प्रमाणित अपवादांतलं कलम आहे म्हणे. मशीनचं तर विचारूच नका. शेवटी हप्त्यांवर घेतलं. पण खरं सांगते, घरात एवढी शांतता झालीये की पहिल्या रात्री मी उठून बघून आले, माणूस आहे ना म्हणून.

डॉ_स्टेथो

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करतो. क्लेमबद्दल विनय यांनी नीट लिहिलंय. डॉक्टरच्या बाजूने काय करता येतं ते सांगतो.

क्लेम, सीजीएचएसची (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) परवानगी, कंपनीतल्या एचआरकडे विनंती, काहीही असो, सगळं एका कागदावर अडतं. डिस्चार्ज समरीत नुसतं 'ॲडव्हाइस: होम बायपॅप' एवढं असेल तर समोरचा माणूस ते 'सोयीची वस्तू' म्हणून बाजूला टाकतो. तुमच्या डॉक्टरांकडून वेगळं पत्र घ्या. त्यात निदान, भरती असतानाचा आणि डिस्चार्जच्या वेळचा ब्लड गॅस रिपोर्ट (पीएच, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन), साध्या हवेवरचं सॅच्युरेशन, मशीनचं सेटिंग, रोज किती तास आणि किती महिने, हे सगळं हवं. शेवटी एक स्पष्ट वाक्य हवं की मशीन न वापरल्यास श्वसन निकामी होऊन पुन्हा भरती करावं लागण्याचा धोका आहे. दीर्घकाळ घरी ऑक्सिजन द्यायचे ठरलेले निकष आहेत: विश्रांतीत धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली, किंवा सॅच्युरेशन ८८ टक्के किंवा त्याखाली. तुमच्या बाबांचे आकडे त्यात बसत असतील तर ते पत्रात यायलाच हवेत.

क्लेमशी संबंध नाही, पण लिहितो. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या पेशंटला ऑक्सिजन वाढवून देणं धोक्याचं असतं. "बाबांना दम लागतोय, दोन लिटरचा चार करू" असं परस्पर करू नका. आणि देवघर त्यांच्या खोलीत असेल तर निरांजन, उदबत्ती दुसरीकडे. नाकात नळी घालून दिव्याला वात लावणारे आजोबा मी पाहिलेत, मिशी भाजून आले होते.

नळस्टॉप

डॉक्टर, मिशीचा क्लेम मंजूर झाला का?

डॉ_स्टेथो

'कॉस्मेटिक' म्हणून नामंजूर. :)

मुक्ता_कर्वेनगर

देवघर बाबांच्याच खोलीत आहे!! आजच हलवते. आई कुरकुर करणार, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की चालतं.

विनयदादा, पॉलिसीचं पुस्तक काढून बसले. डोमिसिलिअरी कव्हर आहे. म्हणजे 'रुग्ण हलवण्याच्या अवस्थेत नसेल किंवा हॉस्पिटलात खाट उपलब्ध नसेल तर घरी उपचार'. खाली वगळलेल्या आजारांची यादी आहे, त्यात पहिलंच नाव दमा आणि दुसरं ब्राँकायटिस. मग हे कव्हर नक्की कोणासाठी आहे?

विमावाला_विनय

ती यादी फार जुनी आहे, वर्षानुवर्षं तशीच छापली जाते. दमा, ब्राँकायटिस, सर्दी-खोकला, मधुमेह, रक्तदाब, संधिवात... घरी ज्यांवर उपचार होतात ते जवळजवळ सगळेच बाहेर. या मुद्द्यावर मी तिरकस यांच्या बाजूचा.

तिरकस

तारीख लिहून ठेवतो.

निवृत्त_आप्पा

सस्नेह नमस्कार. मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो असून सीजीएचएसचा लाभार्थी आहे. माझ्या सौभाग्यवतींसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतला, त्याची प्रतिपूर्ती मिळाली. सीजीएचएसमध्ये सीपॅप, बायपॅप व कॉन्सन्ट्रेटर यांसाठी तरतूद आहे. प्रत्येकाची कमाल मर्यादा ठरलेली आहे. मात्र पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आधी मशीन विकत घेऊन मग अर्ज करणाऱ्यांची फाईल फार फिरते, हे मुकुंदनगरच्या कार्यालयात बाकावर बसून स्वतः पाहिले आहे.

मजजवळ तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र, ब्लड गॅसचा अहवाल, कार्डाची प्रत, कोटेशन व हमीपत्र होते. मर्यादेपेक्षा महाग मॉडेल घेतल्यास वरची रक्कम आपली. माजी सैनिकांना ईसीएचएसमधूनही अशी उपकरणे मिळतात. वानवडी, खडकी भागात असे बरेच लाभार्थी आहेत. मुक्ता, तुझे वडील सरकारी नोकरीत होते काय?

मुक्ता_कर्वेनगर

नाही आप्पा, भोसरीत एका खासगी कारखान्यात. पेन्शन म्हणजे ईपीएस (पीएफवाली पेन्शन), तिच्यात महिन्याचे फिल्टरही येत नाहीत.

शनिवारातला

एक व्यावहारिक उपाय सांगू का? हॉस्पिटलमध्ये ओळख असेल तर मशीनचे पैसे आयसीयू चार्जेसमध्ये किंवा औषधांत घालून बिल करून घ्यायचं. आमच्या शेजाऱ्यांनी केलं. सगळे करतात.

डॉ_स्टेथो

सगळे करत नाहीत. आणि जे करतात त्यांच्यामुळे खऱ्या पेशंटच्या क्लेमला दहा क्वेऱ्या येतात.

विमावाला_विनय

@शनिवारातला, मुक्ताताईंची पॉलिसी ११ वर्षं चालू आहे. सलग ६० महिने झाले की कंपनी 'तुम्ही आधीचा आजार लपवला' या कारणाने क्लेम नाकारू शकत नाही. एप्रिल २०२४ आधी हीच मुदत आठ वर्षांची होती. या संरक्षणाला अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. खोटं बिल म्हणजे ११ वर्षांची कमाई सव्वा लाखासाठी पणाला लावणं. आणि ७६ व्या वर्षी सीओपीडी असलेल्या माणसाला नवी पॉलिसी कोण देणार?

शनिवारातला

बरं बाबा, मागे घेतो. पण दुसरा उपाय सरळमार्गी आहे. विकत घेऊच नका! पुण्यात रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या कितीतरी संस्था आहेत, काही गणपती मंडळंसुद्धा. अनामत ठेवायची, नाममात्र भाडं, वस्तू परत केली की अनामत परत. कोविडनंतर तर कॉन्सन्ट्रेटर भरपूर पडून आहेत. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये जे दुप्पट-तिप्पट पैसे मोजूनही मिळत नव्हते, ते आता कव्हर घालून कपाटावर ठेवलेत. फक्त घेताना ऑक्सिजनची शुद्धता मोजून घ्या, जुन्या मशीनची उतरते.

बायपॅप मात्र असा मिळणं कठीण, तो दुकानातून भाड्याने.

डॉ_स्टेथो

हे बरोबर. बायपॅप तर आधी भाड्यानेच घ्या. निम्म्या लोकांना पहिला मास्क बसतच नाही. नाकावर ओरखडे उठतात, बाजूने हवा सुटून डोळे कोरडे पडतात, मग पेशंट मशीन बंद करून झोपतो. महिनाभर वापरून पाहा, मग खरेदी.

वसुधा_सातारारोड

भाड्यावरून माझा अनुभव लिहिते, कारण मला पैसे मिळालेत. थोडे, पण मिळालेत.

सासूबाईंना डिस्चार्जनंतर बायपॅप भाड्याने आणला होता. डिस्चार्जनंतरच्या खर्चात तपासण्या आणि औषधांसोबत भाड्याच्या पावत्याही लावल्या. कंपनीने औषधांचे दिले, भाडं कापलं, कारण 'नॉट पेएबल'. मी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करून एकच प्रश्न विचारत राहिले, पॉलिसीतल्या कोणत्या कलमानुसार? उत्तरात दर वेळी 'पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार'. महिना उलटल्यावर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे) गेले. पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत. फी नाही, वकील लागत नाही (चालतच नाही). कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

सुनावणी ऑनलाइन झाली. कंपनीकडून एक तरुण मुलगी होती, बिचारीने फाईल त्याच दिवशी पाहिलेली असावी. लोकपालांनी तिला तोच प्रश्न विचारला जो मी इतके दिवस विचारत होते. तिने कलम वाचून दाखवलं, त्यात उपकरणाच्या 'खरेदीचा खर्च' असं होतं. लोकपाल म्हणाले, यांनी खरेदी कुठे केलीय? पॉलिसीतल्या ६० दिवसांच्या मुदतीतलं भाडं मंजूर झालं. पुढे आम्ही मशीन विकत घेतलं, त्याचे नाही मिळाले आणि मी मागितलेही नव्हते.

म्हणून मुक्ता, भाडं की खरेदी हे ठरवायच्या आधी कलम अक्षर अन् अक्षर वाच.

विमावाला_विनय

वसुधाताईंचं उदाहरण उत्तम, पण सगळ्यांनी हेच धरून चालू नका. कित्येक पॉलिसींत 'खरेदी अथवा भाडे' असे दोन्ही शब्द असतात. तिथे लोकपालही पॉलिसीच्या बाहेर जाऊन देत नाहीत. मात्र नकार लेखी आणि कलमासह मिळणं हा तुमचा हक्क आहे. २०२४च्या नियमांनुसार कंपनीच्या क्लेम समितीने पाहिल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही. टीपीए डेस्कवरच्या मुलाचं "नाही मिळत" म्हणजे नकार नव्हे. तुम्ही अजून क्लेम टाकलेलाच नाही!

लोकपालांआधी आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर १५५२५५ वर फोन करा. कधी कधी तेवढ्यानेच फाईल हलते.

मिक्सर

विषयांतराबद्दल माफी, पण कोणी विजेच्या बिलाबद्दल बोलतच नाहीये. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. १५ तास म्हणजे रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. घरातलं बाकीचं धरून तुम्ही १०० युनिटांचा टप्पा कधीच ओलांडता आणि ३००च्या उंबऱ्यावर जाता. मशीन फुकट मिळालं तरी महावितरण आहेच.

नळस्टॉप

आणि गुरुवारी महावितरण सुट्टी घेतं तेव्हा?

मिक्सर

तेच लिहिणार होतो. देखभालीसाठी गुरुवारी वीज घालवतात, तेव्हा घरगुती इन्व्हर्टरवर ३५० वॅट किती तास चालेल ते आधी मोजून घ्या. आमच्या इन्व्हर्टरने तीन तास सांगून दीड तासात मान टाकली. छोटा सिलिंडर भरून घरात ठेवलेला बरा.

गार्गी_बाणेर

गुरुवारी पाणी नाही, वीज नाही. पुणेकराने गुरुवारी आजारी पडायचंच नाही. मागच्या गुरुवारी आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद, जनरेटरचं डिझेल संपलेलं आणि सेक्रेटरी 'मौनव्रत' म्हणून फोन उचलेनात.

निवृत्त_आप्पा

मौनव्रत उत्तम असते. त्यांची चेष्टा नको.

गार्गी_बाणेर

आप्पा, व्हॉट्सॲपवर मात्र ते सुप्रभात पाठवत होते. :D

सीए_समीर

कोणीतरी आयकराबद्दल विचारेलच म्हणून आधीच लिहितो. ८०डी म्हणून आपण जी सवलत ओळखतो, त्यात ज्येष्ठ नागरिकाच्या औषधपाण्याचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च धरता येतो, पण त्या व्यक्तीचा आरोग्यविमा नसेल तरच. मुक्ता, तुझ्या बाबांचा आहे, म्हणजे हप्त्याचीच वजावट. ८०डीडीबीच्या (ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारखर्चाची सवलत) आजारांत सीओपीडी येत नाही. आणि नवी कररचना घेतली असेल तर दोन्ही विसरा. तरी पावत्या फेकू नका.

मुक्ता_कर्वेनगर

म्हणजे ११ वर्षं विमा काढल्याची ही पण शिक्षा?

सीए_समीर

शिक्षा नको म्हणू. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढं तरी वाचतंय.

हिंजवडीकर

उशिरा येतोय, पण एक मुद्दा सुटलाय. घरात कोणी नोकरीला आहे का, ज्याच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील धरलेत? ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनी आणि विमा कंपनी बसून ठरवतात, त्यामुळे तिथे बाजारातल्या पॉलिसीत नसलेल्या गोष्टी असतात. आमच्याकडे 'बाह्य उपकरणं' यासाठी वेगळी मर्यादा आहे. शिवाय 'कॉर्पोरेट बफर' म्हणून एक गंगाजळी असते, ती एचआरच्या शिफारशीने उघडते. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये दिसत नाही. एचआरच्या पोर्टलवर ५०-६० पानांची पीडीएफ असते, तिच्यात 'एक्स्टर्नल' शब्द शोधायचा. माझ्या टीममधल्या एकाने आईच्या कॉन्सन्ट्रेटरचे असेच मिळवले, को-पे (खर्चातला आपला वाटा) कापून.

कोविडमध्ये तर जुलै २०२० ची ती कोरोना कवच पॉलिसी घरच्या उपचारात पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझरचे पैसे देत होती, १४ दिवसांपर्यंत. म्हणजे मनात आणलं तर घरच्या खर्चाचा विमा करता येतो. फक्त मनात आणायला महामारी लागते.

तिरकस

हिंजवडीकरांचा प्रतिसाद फ्रेम करून लावा. शेवटची दोन वाक्यं विशेष.

विमावाला_विनय

ग्रुप पॉलिसीचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता, चांगली आठवण केलीत. त्यात दोन गोष्टी सांभाळा. एक, तिथले क्लेम कळवायला मुदत असते, उशीर झाला तर तेच कारण पुढे करतात. दोन, त्या भरवशावर बाबांची स्वतःची पॉलिसी सोडू नका. मुलाने नोकरी बदलली की ग्रुप संपतो.

आणि ज्यांचे आईवडील अजून धडधाकट आहेत त्यांच्यासाठी: उपकरणांचं कव्हर असलेल्या पॉलिसीत पोर्ट व्हायचं (जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची) असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. जुन्या पॉलिसीत भरलेला प्रतीक्षाकाळ नव्या पॉलिसीतही धरला जातो. आजार झाल्यावर पोर्टिंगला कंपनी नाही म्हणू शकते.

वसुधा_सातारारोड

मुक्ता, पुढे काय झालं ते लिहिशील ना? असे धागे नेहमी अर्धवट राहतात.

मुक्ता_कर्वेनगर

लिहिते हो वसुधाताई. मधे बाबांचा मास्क, आईची कुरकुर आणि गुरुवार, सगळं एकदम आलं.

बाबांच्या पॉलिसीत 'खरेदी किंवा भाडे' असं दोन्ही आहे, म्हणजे तिथे दार बंद. तरी विनयदादांनी सांगितलं म्हणून रीतसर क्लेम टाकला आणि कलमासह लेखी नकार मिळवला. त्या गडबडीत हॉस्पिटलचं बिल पुन्हा तपासलं तर आयसीयूतल्या बायपॅपचं भाडं खरंच आमच्याकडून वेगळं घेतलेलं होतं. चौथ्या यादीचा हवाला देऊन हॉस्पिटलला पत्र दिलं. बिलिंगवाल्यांनी आधी हात वर केले, मग 'साहेबांना विचारतो' म्हणाले आणि ९,००० रुपये परत आले! हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

कॉन्सन्ट्रेटर एका संस्थेकडून अनामतीवर मिळाला. बायपॅप आधी भाड्याने घेतला, तिसरा मास्क बसला, मग विकत घेतला. भाऊ खराडीत नोकरीला आहे, त्याच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबा आहेत हे माहीत होतं, पण ती पीडीएफ कोणी उघडली होती! त्यात बाह्य उपकरणांना ५०,००० ची मर्यादा आणि २० टक्के को-पे आहे. क्लेम टाकलाय, वर बाबांच्या कंपनीचं नकाराचं पत्र जोडलंय. काल क्वेरी आली: 'डिस्चार्ज समरीवर मशीनचा सीरियल नंबर नाही.' आता डिस्चार्जच्या दिवशी मशीन घेतलेलंच नव्हतं तर नंबर कुठून आणू?

नळस्टॉप

पत्रिका बघून सांगता येतो.

डॉ_स्टेथो

समरीत नंबर नसतो आणि नंतर त्यात घालायलाही सांगू नका, खाडाखोड दिसली की नवी क्वेरी. तुमच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर आजच्या तारखेचं पत्र घ्या: 'अमुक तारखेच्या समरीतील सल्ल्यानुसार रुग्ण हे उपकरण वापरत आहे', खाली मॉडेल आणि सीरियल नंबर. दुकानाच्या जीएसटी बिलावर पेशंटचं नाव आणि तोच नंबर हवा. मशीनच्या मेमरी कार्डावरून वापराचे तास काढता येतात, तो रिपोर्टही जोडा. रोज वापर दिसला की 'गरज होती का' हा प्रश्न उरत नाही.

मुक्ता_कर्वेनगर

बिलावर नाव भावाचं आहे, पैसे त्याने भरले म्हणून. चालेल का?

हिंजवडीकर

नाही चालणार. दुकानदाराकडून पेशंटच्या नावाने बदलून घ्या, 'पैसे भरणारा' म्हणून भावाचं नाव खाली येऊ दे. आमच्या टीममधल्याची याच कारणाने फाईल परत आली होती.

वसुधा_सातारारोड

आणि मुक्ता, तो तिसरा मास्क कुठला बसला ते सांग. माझ्याकडे मीडियम साइजचा फुल फेस न उघडलेला पडून आहे, सासूबाईंना स्मॉल लागला. बिबवेवाडीला येऊन घेऊन जा, पैसे नकोत.

मुक्ता_कर्वेनगर

मीडियमच! शनिवारी येते. सोबत वापराचे तास कसे काढायचे तेही दाखवाल का? दुकानदार त्याचे वेगळे पैसे मागतोय.